औषधाचा कागद आपल्या पोरांनी लिहावा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी आपण गुणवंत मुलांचा सत्कार करतो. पेन, वही आणि गुलाबाचे फूल देतो, टाळ्या होतात आणि पोरं घरी जातात. पुढे काय शिकायचे, कुठे पोटाला लागायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून कमिटीने यंदा हा विषय ठेवला आणि आम्हाला बोलायला उभे केले. आम्ही साखर कारखान्यातले कामगार. मिलच्या रोलरशेजारी उभे राहून आमचे गाळप हंगाम गेले. आमचे शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झाले. पण एका व्यवसायाची माहिती आम्ही पाळी संपल्यावर वाचून, विचारून गोळा केली आहे. ती आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या बारामती-इंदापूर तालुक्यांत पोरगी किंवा पोरगा बारावी सायन्सला हुशार निघाला की घरात एकच शब्द घुमतो, डॉक्टर! २०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. चांगली गोष्ट आहे. पण जागा मोजक्या आणि नीटला बसणारे लाखो. मार्क कमी पडले की घरात सुतक आल्यासारखे होते. मग पोरगी तुळजाराम चतुरचंद कॉलेजात बी.एस्सी. करते, नाहीतर माळेगावला बी.फार्मसी करते. पदवी हातात येते आणि पुढे दिसते ते मेडिकलच्या दुकानातले काउंटर, एम.आर.ची बॅग, नाहीतर एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी. ही कामे हलकी आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण याच पदवीवर आणखी एक दार उघडते, आणि ते आपल्या वस्तीत कुणाला ठाऊक नाही.

त्या दाराचे नाव मेडिकल कम्युनिकेशन. वैद्यकीय माहिती तपासून, नीट मांडून, ज्याला ती हवी त्याला कळेल अशी लिहिण्याचे काम. ते करणाऱ्याला मेडिकल रायटर म्हणतात.

आता कुणी म्हणेल, औषध डॉक्टर देतो, कंपनी बनवते, यात लिहिणाऱ्याचे काय काम? बघा, एक गोळी बाजारात येण्याआधी तिच्यामागे कागदाचा ढीग उभा राहतो. माणसांवर चाचणी कशी करायची याचा आराखडा लिहावा लागतो. चाचणीत भाग घेणाऱ्यासाठी संमतिपत्र लिहावे लागते. चाचणी संपली की काय निष्पन्न झाले त्याचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. तो अहवाल कसा मांडायचा याचा जगभर चालणारा नमुना १९९५ सालापासून ठरलेला आहे. मग डॉक्टरांच्या मासिकांत लेख येतात. गोळीच्या डब्यात घडीचा कागद येतो. औषध विकायला लागल्यावर कुणाला त्रास झाला तर त्याची हकीकत लिहून कळवावी लागते. हे सगळे कुणीतरी बसून लिहिते. पुणे, मुंबई, बंगळूर इथल्या कंपन्यांत अशी पोरे-पोरी काम करतात. मुंबईची कॅक्टस कम्युनिकेशन्स ही संस्था तर २००२ सालापासून या क्षेत्रात आहे. फार्मसी, बी.एस्सी., एम.एस्सी., नर्सिंग, बी.ए.एम.एस., दाताची डॉक्टरकी, यांपैकी कुठलीही पायरी चढलेल्याला हा रस्ता मोकळा आहे.

पण केवळ पगारासाठी हे सांगायचे असते तर आम्ही उभे राहिलो नसतो. हा कागद नीट लिहिला नाही तर कुणाचे काय होते, ते पाहू.

आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी अशी कारखान्यांची गावे आहेत. गाळप हंगाम सुरू झाला की बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईने एक दिवस कोयता खाली ठेवला तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. या बायांच्या पोटात दुखते, अंगावरून जाते, त्या दवाखान्यात जातात, आणि पिशवी काढून घरी येतात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत जवळजवळ एक! पुष्कळ जणींना भीती घातली होती की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. यामागे गरिबी आहे, खाड्याची भीती आहे, पैशाचा लोभ आहे. पण आणखी एक गोष्ट आहे. त्या बाईच्या हातात तिच्या बोलीतला एकही कागद नव्हता. हा त्रास औषधाने बरा होऊ शकतो का? दुसऱ्या डॉक्टरला विचारावे का? पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पुढे हाडे ठिसूळ होतात, हे कुणी सांगितले? तिला सही करायचा, नाहीतर अंगठा टेकवायचा तेवढा कागद मिळाला.

दुसरे उदाहरण घ्या. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस एका प्रकल्पात दिली गेली. काही मुलींचे मृत्यू झाले, ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबले. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. लस चांगलीच आहे, आज जगभर दिली जाते, आपल्या मुलींनाही ती मिळावी असे आम्ही म्हणतो. मग चुकले कुठे? चुकले कागदावर. आंध्रात पुष्कळ आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, हेडमास्तरांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. चांगले औषधसुद्धा न सांगता, न विचारता दिले तर लोकांचा विश्वास जातो. तो विश्वास परत कमवायला किती वर्षे लागली, बघा.

आता २०१९ चे नवे औषध चाचणी नियम आहेत. भाग घेणाऱ्याला कळेल अशा साध्या भाषेत माहिती द्यायची, असे ते सांगतात. कायदा झाला. पण ती साधी भाषा लिहिणार कोण? इंग्रजी मजकुराचे शब्दाला शब्द लावून केलेले मराठी आम्ही पाहिले आहे. ते वाचून आम्हालाच घाम फुटला, तर टोळीतल्या बाईला काय कळणार? ज्याच्या घरात ती बोली बोलली जाते, ज्याच्या आईने दवाखान्याच्या दारात ताटकळत दिवस काढले, तोच ते लिहू शकतो. म्हणून म्हणतो, औषधाचा कागद आपल्या पोरांनी लिहावा.

यासाठी डॉक्टरच असायला पाहिजे असेही नाही. महाराष्ट्रात हे काम ज्यांनी जिद्दीने केले ते र. धों. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. शरीराच्या ज्या गोष्टी घरात कुजबुजतही कुणी बोलत नव्हते, त्या ते साध्या मराठीत छापत. वाचक प्रश्न विचारत, ते उत्तरे देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कोर्टात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून कोण उभे राहिले? आपले बाबासाहेब! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांना आपल्या शरीराची माहिती आपल्या भाषेत मिळाली पाहिजे, या बाजूला बाबासाहेब उभे होते. ही गोष्ट आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे.

आता रस्ता कसा धरायचा ते सांगतो.

पहिली गोष्ट भाषा. कंपनीतले बहुतेक काम इंग्रजीत चालते, म्हणून इंग्रजीला घाबरायचे नाही. रोज एक पान वाचायचे आणि त्याचा अर्थ मराठीत आपल्या आईला कळेल असा सांगायचा. आईला कळले तर तुम्हाला कळले, असे समजा. इंग्रजी शिकताना मराठी टाकू नका, कारण दोन्ही भाषा चांगल्या येणारे लेखक फार थोडे आहेत आणि तीच आपली जमेची बाजू आहे.

दुसरी गोष्ट आकडे. शंभरात किती जणांना गुण आला, किती जणांना त्रास झाला, हे काढता आले पाहिजे. एखादे औषध धोका निम्मा करते असे छापलेले असते. पण हजारात दोघांचा एक झाला, की हजारात दोनशेचे शंभर झाले? दोन्ही निम्मेच, पण फरक आभाळाएवढा. हे ओळखणारा लेखक हवा.

तिसरी गोष्ट फुकट मिळणारे ज्ञान. पबमेडवर वैद्यकीय लेखांचे सार मोफत वाचता येते. आपल्या देशात चाललेल्या औषध चाचण्यांची नोंदवही २००७ पासून सरकारने सर्वांना खुली ठेवली आहे. आय.सी.एम.आर.च्या चेन्नईच्या संस्थेने आरोग्य संशोधनाचे अभ्यासक्रम एनपीटेलवर मोफत शिकवले आहेत. हे आधी पाहा. नोकरीची हमी देऊन मोठी फी मागणाऱ्या क्लासच्या पायरीवर आईचे डोरले गहाण टाकून जाऊ नका.

चौथी गोष्ट पैसा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्याला बार्टी आहे. अर्जाची तारीख चुकवू नका. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

कुणी विचारेल, आता संगणकच लेख लिहून देतो, मग माणूस कशाला? प्रश्न बरोबर आहे. पहिला कच्चा मसुदा यंत्र झटक्यात देते, त्यामुळे नुसती नक्कल करणाऱ्याचे काम कमी होणार. पण यंत्र कधी कधी नसलेला संदर्भही ठोकून देते. एका शून्याच्या चुकीने गोळीचा डोस दहापट होतो. ती चूक पकडणारा, जबाबदारी घेणारा माणूस लागणारच. तेव्हा विषयाचे ज्ञान पक्के करा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, इमान. या व्यवसायात मोह आहे. व्हायॉक्स नावाचे दुखण्यावरचे औषध १९९९ साली बाजारात आले. त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून २००४ साली ते मागे घ्यावे लागले. पुढे कोर्टातल्या कागदांवरून २००८ साली उघड झाले की त्या औषधावरचे काही लेख कंपनीच्या बाजूच्या लोकांनी लिहिले आणि वर नाव मोठ्या डॉक्टरांचे लावले. लेखकाने मदत केली तर त्याचे नाव आणि पैसे कुणी दिले ते लेखात छापावे, असा चांगल्या मासिकांचा नियम आहे. आपल्या पोराने तो मोडू नये. त्रास झालेल्या रुग्णांचा आकडा खाली दडपायला कुणी सांगितले तर नाही म्हणता आले पाहिजे. आपली माणसे त्या आकड्यात असतात.

आयाबायांनो, तुम्हालाही एक काम आहे. औषधाने अंगावर पुरळ उठले, चक्कर आली तर गप्प बसू नका. डॉक्टरला सांगा. सरकारचा १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे, तिथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

आणि कमिटीला आमची विनंती आहे. विहाराच्या वाचनालयात दर रविवारी एक तास ठेवा. सायन्सच्या मुलामुलींनी वस्तीतल्या घरांतून एकेका औषधाचा कागद आणावा. साखरेच्या गोळीचा, रक्तदाबाचा, टीबीचा. तो वाचून एका पानात सोप्या मराठीत लिहावा. कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, मधेच बंद केली तर काय होते, कुठल्या लक्षणाला लगेच दवाखाना गाठायचा. मग ते पान डॉक्टरकडून तपासून घ्यावे आणि मगच फळ्यावर लावावे. तपासल्याशिवाय एकही ओळ लावू नये. वर्षभरात पन्नास पाने होतील. ज्या पोरीने त्यातली दहा लिहिली, तिच्या हातात मुलाखतीला दाखवायला स्वतःचे काम असेल. आणि ज्या आजोबांना इंग्रजी पट्टी वाचता येत नाही, त्यांची गोळी चुकणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही वाचनालयाचे कुलूप उघडून बसतो. पोरांनी यावे, येताना घरातला एक कागद आणावा.