‘नेसेसरी’ म्हणजे नक्की किती गरजेचं?



‘नेसेसरी’ या इंग्रजी शब्दात सी किती आणि एस किती, हे आपण शाळेत घोकतो. सी एक, एस दोन. अर्थ ‘आवश्यक’ असा पाठ करून मोकळे होतो. पण आवश्यक म्हणजे किती आवश्यक? अमेरिकेत यावरून चांगलं रणकंदन झालं.

तिथल्या संविधानात संसदेच्या अधिकारांची यादी आहे. यादीच्या शेवटी म्हटलंय, हे अधिकार राबवायला जे कायदे ‘नेसेसरी अँड प्रॉपर’ असतील, ते संसदेने करावेत. बँक काढण्याचा उल्लेख यादीत नाही. १७९१ साली अर्थमंत्री हॅमिल्टन यांना राष्ट्रीय बँक हवी होती. परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाले, नेसेसरी म्हणजे जिच्यावाचून अडतं ती गोष्ट. बँकेवाचून कुठे अडलंय? हॅमिल्टन म्हणाले, लोक उपयोगी, सोयीच्या गोष्टीलाही नेसेसरीच म्हणतात. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सही केली, बँक निघाली. वाद मात्र धुमसत राहिला.

पुढे दुसरी राष्ट्रीय बँक आली. मेरीलँड राज्याने तिच्यावर कर बसवला. बाल्टिमोर शाखेचे कॅशियर मॅकलक यांनी तो भरला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८१९च्या निकालात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी लढवलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी त्याच संविधानातल्या दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. राज्यांनी परवानगीशिवाय आयात-निर्यातीवर कर लावू नये, फक्त तपासणीच्या कायद्यांसाठी ‘ॲब्सोल्यूटली नेसेसरी’ असेल तेवढा लावावा, असं ते कलम सांगतं. नेसेसरी म्हणजेच ‘अगदी अपरिहार्य’ असतं, तर आधी ‘ॲब्सोल्यूटली’ कशाला जोडलं असतं? बँक वैध ठरली, कर रद्द झाला. अमेरिकी केंद्र सरकारचे हातपाय पुढे जे पसरले, त्यातलं बरंचसं या निकालाच्या आधाराने.

आपल्याकडे गरजेच्या या कमी-जास्त पायऱ्यांना वेगवेगळे शब्द आहेत: उपयोगी, गरजेचं, निकडीचं, अपरिहार्य. तरी कचेरीतल्या पत्राखाली ‘आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’ एवढंच येतं. पाठवणारा सुटला, घेणाराही सुटला!

म्हणून सूचना लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘आवश्यक कागदपत्रे सोबत आणावीत’ एवढ्यावर थांबू नका. कोणते कागद, किती प्रती, मूळ की झेरॉक्स, तेही लिहा.