पेन्शनीतला संसार



आजच्या वर्धापनदिनासाठी चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘निवृत्तीनंतरचा काटकसरीचा आणि आनंदाचा संसार’. तो ऐकून माझ्या शेजारणीने लगेच विचारले, “अहो, काटकसर आणि आनंद या दोन जावा एका स्वयंपाकघरात नांदतील का?” नांदतील, असे माझे म्हणणे आहे. मात्र दोघींची कामे आधी वाटून दिली पाहिजेत. ती कशी वाटावी, एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम एक प्रश्न. घरातून निवृत्त कोण होते? यजमान होतात. त्यांना श्रीफळ मिळते, शाल मिळते, चार भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मात्र आपणच ठेवतो, आणि तोही आता दिवसातून दोनदाऐवजी चारदा! ज्या भगिनी स्वतः नोकरीतून निवृत्त झाल्या, त्यांचीही कचेरी सुटली, चूल सुटली नाही. म्हणून पेन्शनीतल्या संसाराचा पहिला नियम पैशाचा नाहीच. तो कामाचा आहे. निवृत्ती दोघांची असली पाहिजे. भाजी आणणे, ती निवडणे, बिले भरणे, सकाळचा चहा, यांतली दोन-तीन कामे यजमानांकडे गेली तर त्यांचा वेळ बरा जातो आणि आपल्याला मंडळात यायला सवड मिळते. यात त्यांचा कमीपणा नाही आणि आपला उद्धटपणाही नाही.

आता पैशाकडे वळू. काटकसर म्हणजे दर वेळी ‘नको’ म्हणणे, असा एक समज आहे. काटकसर म्हणजे खर्चाचा क्रम लावणे. आधी काय, मग काय, आणि काय मुळीच नाही, हे शांतपणे ठरवणे. असा क्रम न लावता नुसता हात आखडला की त्याला चिक्कूपणा म्हणतात. चिक्कू माणूस पैसे राखतो आणि माणसे गमावतो.

क्रम लावायचा तर वही हवी. निवृत्तीच्या आधी किंवा लगेच नंतर एक साधी वही घ्यावी आणि बारा महिने खर्च लिहावा. बारा महिने अशासाठी की महिन्याचा खर्च आपल्याला तोंडपाठ असतो, पण वर्षातून एकदा येणारा खर्च लक्षात राहत नाही. घरपट्टी, विम्याचा हप्ता, पावसाळ्याआधीची डागडुजी, दिवाळी, घरातली लग्नेमुंजी, नवा चष्मा, हे सारे मिळून जो आकडा होतो त्याला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळी काढावी. मग दिवाळी आली की धडकी भरत नाही.

वही भरली की दुसरा हिशेब करावा. तो थोडा कडू आहे. वर्षाला ६ टक्क्यांनी भाव वाढले तर १२ वर्षांत ते दुप्पट होतात. म्हणजे साठाव्या वर्षी घरखर्च महिना २०,००० असेल, तर तसाच साधा संसार बहात्तराव्या वर्षी ४०,००० मागेल आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ८०,०००. नोकरीत असताना हे जाणवत नाही, कारण पगारही वाढत असतो. सरकारी पेन्शनीला महागाईभत्त्याची जोड असते, म्हणून तिथे थोडा आधार आहे. पण ज्यांचा संसार साठवलेल्या पैशांच्या व्याजावर चालतो, त्यांनी हे नीट समजून घ्यावे.

समजा, हाती २० लाख आले आणि ८ टक्के व्याज मिळाले. वर्षाला १,६०,००० झाले. भाव ६ टक्क्यांनी वाढत असतील तर त्यांतले १,२०,००० मुदलाची किंमत टिकवण्यातच जातात. खरी कमाई ४०,०००! म्हणून पहिली दहा वर्षे, अंगात ताकद आणि थोडी मिळकत असेपर्यंत, व्याजातला काही भाग परत मुदलात टाकावा. पुढे ऐंशीनंतर मुदलाला हात लावावा लागला तर त्यात अपराध नाही. ते त्याच दिवसांसाठी साठवले होते.

निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसा येतो. तो आला की घराचा दरवाजा आपोआप वाजू लागतो. कुणाला धंदा काढायचा असतो, कुणाला मोठे घर घ्यायचे असते, कुणी दामदुप्पट देणारा असतो. माझा सल्ला सरळ आहे : पहिले वर्षभर ती रक्कम कुणालाही देऊ नये. साठ वर्षांवरच्यांसाठी सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे. तिच्यात व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते, आणि ठेवीची मर्यादा २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे, राष्ट्रीयीकृत बँका आहेत. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम मात्र कधीही काढता येईल अशीच ठेवावी. आजारपण ठेवीची मुदत संपेपर्यंत थांबत नाही.

मुलांविषयीही बोलले पाहिजे, कारण हा विषय आपण बायका मनात ठेवतो. मुलांना मदत जरूर करावी, पण आपले राहते घर आपल्या हयातीत आपल्याच नावावर असावे. यात अविश्वास नाही. मुलगा-सून सोन्यासारखी असली तरी घर आपल्या नावावर असले म्हणजे आपणही त्यांच्याशी मोकळेपणाने वागतो. कुणाला बक्षीसपत्र करूनच द्यायचे असेल, तर आमचा सांभाळ करावा ही अट त्यात लिहून घ्यावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, अशी अट असूनही सांभाळ झाला नाही तर ते हस्तांतर रद्द करून मागता येते. अट तोंडी असली तर मात्र हात चोळत बसावे लागते.

आता क्रम लावू. कुठे काटकसर करू नये, ते आधी सांगते. दात, डोळे आणि पाय यांवर करू नये. आपल्याकडे म्हण आहे, चणे आहेत तर दात नाहीत. कवळी नीट बसत नाही म्हणून वर्षभर मऊ भातावर राहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची शक्ती गेली आणि पुढे औषधाचा खर्च कवळीच्या कितीतरी पट झाला. न्हाणीघरात पाय न घसरणारी फरशी, भिंतीला धरायला एक दांडा आणि रात्रभर जळणारा लहानसा दिवा, यांवर केलेला खर्च मोडलेल्या हाडापेक्षा फार स्वस्त पडतो. दूध, फळे, डाळी यांतही हात आखडू नये.

मग काटकसर कुठे? भपक्यात. लग्नकार्यात लोक काय म्हणतील म्हणून केलेल्या आहेरात. न लागणाऱ्या वस्तूंत. दोघेच राहत असू तर आठ माणसांची भांडी, मोठा कुकर, वर्षाचे भरलेले धान्य कशाला? तीन महिन्यांचे भरले तर किडीत जात नाही. औषधांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारावे की हेच औषध मूळ नावाने चालेल का; चालत असेल तर जनऔषधी केंद्रात ते पुष्कळ स्वस्त मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेचे कार्ड काढता येते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. घरची गोळ्या-औषधे त्यात येत नाहीत. आपल्या गावातले कोणते रुग्णालय या योजनेत आहे, ते बरे असतानाच चौकशी करून वहीत लिहून ठेवावे.

आनंदाची बाजू आता घेऊ. आनंदाला फार पैसे लागतात हे नोकरीच्या काळातले मत आहे, कारण तेव्हा वेळ नसतो आणि वेळेची भरपाई पैशाने करावी लागते. पेन्शनीत वेळ भरपूर असतो. गर्दीचे दिवस टाळून प्रवास करता येतो. आपल्या एस.टी.त २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली याचे दुःख मलाही आहे, पण पंढरपूर, गणपतीपुळे, वेरूळ ही ठिकाणे एस.टी.ने गाठता येतात. शाळांच्या सुट्या संपल्यावर जावे. जागा मिळते आणि दर्शनही निवांत होते.

वाचनाची आवड असेल तर ग्रंथालयाची वर्गणी हा सगळ्यात स्वस्त आनंद. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आपल्या आज्या-पणज्यांच्या आधीपासून या संस्था आपल्यासाठी पुस्तके जमवीत आल्या आहेत, आणि आपण मात्र दुपारभर मोबाइलवर तेच तेच संदेश पुढे धाडीत बसतो! गाणे, विणकाम, कुंडीतली कोथिंबीर, शेजारच्या मुलांचे पाढे घेणे, यांतले एक काही धरावे. आठवड्यातून एक दिवस घराबाहेर जाण्याचा असावा आणि त्या दिवशी जेवण साधे पिठल्याभाताचे करावे.

आता मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. फोनवरून पोलीस कुणाला अटक करीत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कुणी तसे धमकावले, ओटीपी मागितला, तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. आयुष्यभराची काटकसर दहा मिनिटांच्या भीतीत जाऊ देऊ नये.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण बहुतेक जणी यजमानांपेक्षा वयाने लहान, आणि बायकांचे आयुष्यमानही थोडे जास्तच. म्हणजे पेन्शनीतल्या संसाराची शेवटची काही वर्षे पुष्कळ जणींना एकटीने काढावी लागतात. हे बोलणे अशुभ नाही. न बोलणे धोक्याचे आहे. जुन्या सरकारी नियमांप्रमाणे पूर्ण पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी असते, पण नेहमीचे कुटुंबनिवृत्तिवेतन त्या वेतनाच्या ३० टक्केच. आज १०० रुपये येत असतील तर मागे ६० येतील. घरपट्टी आणि विजेचे बिल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून आजच विचारावे : माझे नाव पेन्शनीच्या कागदांवर बरोबर लागले आहे का? बँकेचे खाते दोघांचे आहे का, आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ असे त्यावर लिहिले आहे का? दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला कुठे द्यायचा? विम्याची कागदपत्रे कोणत्या कपाटात आहेत?

मृत्युपत्राचेही तसेच. खात्यावर वारसनोंद आहे म्हणून सगळे झाले, असे समजू नये. ज्याचे नाव नोंदवले त्याला बँक पैसे देते, पण साधारणपणे मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. मृत्युपत्राला मुद्रांकाचा कागद लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर स्पष्ट लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घ्याव्यात. साक्षीदार मात्र ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. यजमान बँकेची सगळी कामे स्वतःच करीत. पण निवृत्तीनंतर दर पहिल्या तारखेला ते वही घेऊन बसत आणि बाईंकडून एक काम करवून घेत. एकदा पासबुक भरून आणणे, एकदा ठेवीचे नूतनीकरण, एकदा दाखला. बाई कुरकुरत, “मला कशाला हे?” आज यजमान नाहीत. दुःख आहेच, पण बँकेच्या खिडकीपाशी त्या गोंधळून उभ्या राहिल्या नाहीत, की कुणाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ आली नाही. आता शेजारच्या दोघींना त्याच शिकवतात. दागिन्यांपेक्षा ही ठेव मला मोठी वाटते.

तेव्हा भगिनींनो, काटकसरीला वही द्या आणि आनंदाला वेळ द्या. दोघी सुखाने नांदतील. मात्र त्या वहीवर आपलाही हात असू द्या, कारण पुढे ती कदाचित आपल्या एकटीच्याच हाती राहणार आहे. या महिन्याच्या पहिल्या तारखेला यजमानांसमोर चहा ठेवा, शेजारी वही ठेवा, आणि वर सांगितलेले चार प्रश्न विचारा. चहा त्यांनी केलेला असला तर फारच उत्तम.