दोन किण्वे, एक जनुक

पाव फुगतो तो किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, जोरावर. परंतु किण्वाची जात एकच नव्हे. पावातील किण्वाच्या पेशीला अंकुर फुटतो आणि तो वाढून वेगळा होतो. पूर्व आफ्रिकेतील धान्याच्या मद्यात सापडलेले दुसरे किण्व कांडीसारखे लांबट असून मधोमध दुभंगते. स्वाहिली भाषेतील ‘पोम्बे’ हा मद्यवाचक शब्दच त्याच्या शास्त्रीय नावात जाऊन बसला आहे. या दोघांचे पूर्वज कित्येक कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाले.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांनी उष्णता वाढवताच विभाजन थांबणाऱ्या पेशी पावाच्या किण्वातून निवडून काढल्या. त्यांतून ‘सीडीसी २८’ हे जनुक हाती आले. पेशीच्या विभाजनचक्राच्या आरंभी ते वेशीवरील पहारेकऱ्यासारखे उभे असते. त्याच दशकात एडिंबरा येथे पॉल नर्स यांना दुभंगणाऱ्या किण्वात ‘सीडीसी २’ हे जनुक आढळले. त्याचा अंमल दिसला तो मात्र चक्राच्या उत्तरार्धात, केंद्रकाचे विभाजन सुरू होताना. या दोहोंचे काही नाते असावे असे वरकरणी वाटण्याजोगे नव्हते. पुढे १९८१ मध्ये सीडीसी २ ची गरज आरंभीही लागते असे दिसून आले, आणि शंका बळावली.

अक्षरसाम्यावरून नाते जुळवणे सोपे. काम तेच आहे की नाही, हे काम करवून घेतल्यावाचून कळत नाही. १९८२ मध्ये डेव्हिड बीच, बार्बरा डुर्काझ आणि नर्स यांनी नेमके तेच केले. सीडीसी २ दुबळे झालेल्या पेशींत त्यांनी पावाच्या किण्वातील जनुके सोडली. ज्या पेशींत सीडीसी २८ शिरले, त्या उष्णतेतही विभागू लागल्या. एकाच अधिकाऱ्याने दोन कचेऱ्यांत दोन वेगळ्या कागदांवर सह्या कराव्यात आणि लोकांनी त्याला दोन माणसे समजावे, तसाच हा प्रकार होता!

हे कसे घडते? या जनुकापासून होणारे प्रथिन इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवते. पण सायक्लिन नावाच्या जोडीदारावाचून ते निष्क्रिय असते. आरंभी एक जोडीदार, विभाजनाच्या वेळी दुसरा. जोडीदार बदलला की कामाचे ठिकाण बदलते. सायक्लिनचा शोध टिम हंट यांना १९८२ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांत लागला. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्यापूर्वीच, १९८७ मध्ये, मेलनी ली आणि नर्स यांनी त्याच दुबळ्या पेशींत मानवी जनुके सोडून पाहिली होती. त्यांतील एकाने किण्वाचे अडलेले विभाजन चालू केले. माणसात मात्र हे काम अनेक भावंडांनी वाटून घेतले आहे. त्यांपैकी आरंभीच्या वेशीवरील दोघांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध अमेरिकेत २०१५ पासून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिले जाते.