टाचेतला एक थेंब

(शाळेच्या 1984 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी मेट्रोने स्वारगेटला आले. जमिनीखालून वर आले आणि क्षणभर कळेचना, शाळा कोणत्या बाजूला! शेवटी एसटी स्टँड शोधला, त्याच्याकडे पाठ केली आणि पायांना वाट आठवली. चाळीस वर्षांत स्वारगेट एवढं बदललंय, पण पाय विसरत नाहीत.

संयोजकांनी मला 'तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल' असं सांगितलं. शास्त्राच्या बाईंनी फोनवर वेगळी तंबी दिली, "बोल, पण कुणाला डुलकी लागता कामा नये." जेवणाआधीची वेळ दिली आहे, त्यामुळे डुलकीची भीती कमी आहे.

आधी एक खुलासा करते. मघाशी कुणीतरी मला 'डॉक्टर' म्हणालं. मी डॉक्टर नाही. जीवरसायनशास्त्र शिकले आणि तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळल्या. त्यामुळे मी सांगेन ते ऐका, पण औषध आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खरं तर मी दुसराच विषय तयार केला होता. पण सकाळपासून बघतेय, प्रत्येकाच्या मोबाइलवर नातवंडांचे फोटो आहेत. म्हणून आज माझ्या भाचीच्या घरची गोष्ट सांगणार आहे. तिची परवानगी घेतली आहे. किंबहुना, "मावशी, सांगच," असं तीच म्हणाली.

भाचीचं लग्न तिच्या आतेभावाशी झालं. मामाची मुलगी करायची आपल्याकडे जुनी रीत. घर माहितीचं, माणसं माहितीची, सगळे खूश. पहिला मुलगा झाला. तो चार महिन्यांचा असताना त्याला फिट्स येऊ लागल्या आणि तीन आठवड्यांत तो गेला. घरात ठरलं की हा विषय पुन्हा काढायचा नाही. कुणी विचारलंच तर 'न्यूमोनिया झाला होता' असं सांगायचं. मीही त्या ठरवण्यात होते.

तीन वर्षांनी मुलगी झाली. गोरीगोमटी, जावळ भरपूर. दोन महिन्यांची झाली तेव्हा तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी लाल चट्टे उठले. मी पाहिलं आणि म्हटलं, "खोबरेल लाव." मग जावळ विरळ होऊ लागलं. मी म्हटलं, "पहिलं जावळ जातंच." बाळ मलूल झालं, मान धरेना. आणि एका रात्री फिट आली. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईची ही हुशारी!

दवाखान्यात फिट्सचं औषध सुरू झालं, पण फिट्स थांबेनात. "आधीचं मूल कशाने गेलं?" असं विचारलं, तर आजीने "न्यूमोनिया" सांगितलं. मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

पंधरा दिवसांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न भाचीला एकटीला विचारला. तिने खरं सांगितलं. मग त्यांनी तीन गोष्टी एकत्र ठेवल्या: फिट्स, चट्टे आणि गळणारे केस. चौथी गोष्ट गेलेल्या भावाची. रक्ताचा नमुना पाठवला आणि रिपोर्टची वाट न बघता एक गोळी कुटून, आईच्या दुधात कालवून द्यायला सांगितली. तिसऱ्या दिवशी फिट्स थांबल्या. महिन्याभरात कातडी नितळ झाली, पुढे केसही आले.

ती गोळी बायोटिनची होती. ब गटातलं साधं जीवनसत्त्व. आपल्यातले निम्मेअधिक लोक केस वाचवायला जी गोळी खातात, तीच! (हसू नका, पुढच्या रांगेतल्यांनो, तुम्हाला उशीर झालाय.)

आता बाईंसाठी थोडं शास्त्र. मला ते स्वारगेटच्या भाषेतच सांगता येतं.

समजा, आपल्या शरीरात पाच प्रकारच्या गाड्या आहेत. त्यांना कार्बोक्सिलेज म्हणतात. साखर, चरबी आणि प्रथिनं यांची वाहतूक त्यांच्यावर चालते. प्रत्येक गाडीला ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर म्हणजे बायोटिन. ड्रायव्हरला गाडीवर बसवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. ते म्हणजे आगारातला ड्यूटी लावणारा. गाडी जुनी झाली की भंगारात जाते. तेव्हा आतल्या ड्रायव्हरला सोडवून पुन्हा ड्यूटीवर पाठवणारं दुसरं विकर असतं, त्याचं नाव बायोटिनिडेज. काही मुलांत जन्मतःच हे दुसरं विकर नसतं, किंवा फार थोडं असतं. मग प्रत्येक भंगारातल्या गाडीबरोबर एक ड्रायव्हरही जातो. अन्नातून नवे येतात म्हणावं, तर अन्नातलं बायोटिनही बरंचसं प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सोडवायलाही हेच विकर लागतं. हळूहळू आगार ओस पडतं, गाड्या उभ्या राहतात, रक्तात आम्ल साठतं आणि मेंदू, कातडी, कान, डोळे सगळ्यांना त्याची झळ बसते.

बाळ जन्मतःच आजारी का दिसत नाही? कारण पोटात असताना आईने पुरेसे ड्रायव्हर बरोबर दिलेले असतात. ती शिदोरी काही आठवडे, काही महिने पुरते. नेमकी तेवढीच मुदत आपल्या हातात असते.

उपचार त्या मानाने फारच सोपा. सोडवता येत नाहीत ना, मग रोज नवे मोकळे ड्रायव्हर पाठवा! बहुधा दिवसाला 5 ते 10 मिलिग्रॅम बायोटिन, जन्मभर, न चुकता. ड्यूटी लावणाऱ्या पहिल्या विकरात दोष असेल तर आजार बहुधा आणखी लवकर दिसतो, कधी जन्मानंतर काही तासांतच, आणि मात्राही जास्त लागू शकते. पण औषध तेच.

हा दोष डॉ. बॅरी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शोधला, तो 1983 साली. आपण तेव्हा नववीतून दहावीत जात होतो. पुढच्याच वर्षी, 1984 साली, तिथल्या व्हर्जिनिया राज्यात नवजात बाळांची यासाठी तपासणी सुरूही झाली. म्हणजे आपण बोर्डाच्या परीक्षेला बसलो त्या वर्षी जगात कुठेतरी टाचेतल्या एका थेंबावरून हा आजार ओळखला जाऊ लागला होता. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की टाचेला सुई टोचायची, थेंब टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा, पाठवायचा. टिपकागदाची ही युक्ती रॉबर्ट गथ्री यांची, 1963 सालची, दुसऱ्या एका आजारासाठी काढलेली.

आपल्या शेजारी गोव्याने 2008 साली राज्य पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. देशात पहिलं राज्य ते. लहान मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पण चयापचयाच्या आजारांसाठी प्रत्येक बाळाच्या टाचेचा थेंब घेणं महाराष्ट्रात अजून सरसकट होत नाही. बऱ्याच खासगी रुग्णालयांत ही तपासणी होते, पण आपल्याला ती मागावी लागते. मागण्यासाठी ती माहीत असावी लागते. म्हणून आज हा विषय घेतला.

हा आजार दुर्मिळ आहे. साधारण साठ हजार बाळांत एक. पण दोषाचा वाहक सव्वाशे माणसांत एक तरी असतो आणि त्याला स्वतःला काहीही त्रास नसतो. आज या सभागृहात दीडशेच्या वर माणसं आहेत. हिशेब तुम्हीच करा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या लग्नातही हे घडतं. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा पायगुण नाही, सुनेचा तर मुळीच नाही.

आता तीन गोष्टी पदरात बांधून घरी न्या.

पहिली: घरात बाळ येणार असेल तर टाचेच्या तपासणीबद्दल आधीच विचारा. त्याच कागदावर थायरॉइडची जन्मजात कमतरताही कळते, आणि ती यापेक्षा कितीतरी जास्त बाळांत सापडते. पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तरी घाबरू नका. उन्हातान्हात नमुना पडून राहिला तरी हे विकर मंदावतं. पुन्हा रक्त देऊन खात्री करून घ्या. आजार पक्का झाला तर बाकीच्या भावंडांचीही तपासणी करा.

दुसरी: केसांसाठी बायोटिन खात असाल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना सांगा. काही यंत्रांत त्यामुळे थायरॉइडचे आकडे खोटे येतात. हृदयविकार ओळखण्याची ट्रोपोनिनची तपासणीही चुकून ठीक दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली याबद्दल इशारा दिला होता. आणि तालमीत जाणाऱ्या नातवाला कच्ची अंडी पिऊ देऊ नका. कच्च्या पांढऱ्या बलकात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला घट्ट धरून ठेवतं. शिजवलं की त्याची पकड सुटते. तेव्हा भुर्जी खुशाल खा.

तिसरी, आणि माझ्यासाठी सगळ्यांत मोठी: घरात गेलेल्या लेकराबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. आपल्या घरांत अशी मुलं बोलण्यातून पुसली जातात. दुःख झाकायचं असतं, हे मी समजू शकते. मीही झाकलं. पण त्या गेलेल्या मुलाकडे पुढच्या भावंडासाठी एक निरोप असतो. तो निरोप पोहोचवणारे आपण आजी, आजोबा, मावश्या असतो. आणि नेमके आपणच तोंडावर बोट ठेवतो. पहिल्या बाळाला हाच आजार होता की नाही, हे आता कधीच सिद्ध होणार नाही. त्याच्या रक्ताचा थेंब कुणी जपून ठेवला नव्हता.

भाचीच्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते. ती आता नऊ वर्षांची आहे. हुशार आहे, चित्रं सुरेख काढते. फिट्स परत आल्या नाहीत. पण तिला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. केस परत येतात, कातडी परत येते, पण गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही. मी खोबरेल सुचवलं तेव्हापासून गोळी सुरू होईपर्यंत अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांची ती किंमत.

तिच्या पाठीवर एक भाऊ झाला. या वेळी आम्ही जन्माआधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्याच्या टाचेचा थेंब गेला आणि त्यालाही तोच आजार निघाला. गोळी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. तो आता पाच वर्षांचा आहे. त्याला काहीही झालेलं नाही. परवा दोघांना सारसबागेत घेऊन गेले होते. गणपतीच्या देवळात घंटा वाजली, तसा तो धावत सुटला. ताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, घंटा वाजल्याचं तिला कळलं आणि तीही धावली.

दोघांचा आजार एकच, गोळी एकच. फरक फक्त कधी सुरू झाली याचा.

बाई, डुलकी लागली नसेल अशी आशा आहे.