कुत्र्याला पोहायला नेताय? आधी बाहेर यायची वाट बघा

मे महिना, नांदेड-लातूरचं ऊन आणि आपलं कुत्रं जीभ बाहेर काढून पंख्याखाली पडलेलं. मग आपल्याला वाटतं, चला, याला पोहायला नेऊ. न्या की! पण आधी माझा किस्सा ऐका.

गेल्या उन्हाळ्यात औशाकडं मामाच्या शेतात गेलो होतो. सोबत आमचा शेरू. शेततळं दिसलं अन् मी त्याला सोडला. पाच मिनिटं मस्त पोहला. मग काठाला आला, पुढचे पाय टाकले अन् घसरला. पुन्हा टाकले, पुन्हा घसरला. थोड्या वेळानं नुसतं नाक वर दिसायला लागलं. मी शर्ट काढून उडी मारणार, तेवढ्यात मामा ओरडले, "थांब! तू पण वर येणार नाहीस." त्यांनी आखाड्यावरची बाज आणली, दोर बांधून उतारावर सोडली. बाजेच्या विणीत शेरूची नखं रुतली अन् तो वर चढला.

२०१६ आठवतंय ना? मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. त्याच वर्षी 'मागेल त्याला शेततळे' योजनाही आली. आता गावोगाव शेततळी आहेत. पाणी जिरू नये म्हणून अनेकांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की ना नखं रुतत ना माणसाचा पाय ठरत. म्हणून अशा तळ्यात कुत्र्याला सोडायचंच नाही. उभ्या कडांच्या विहिरीतही नाही.

आजचा मुद्दा एवढाच: कुत्रं आत कुठून जाईल हे बघू नका, बाहेर कुठून येईल ते आधी बघा.

मग न्यायचं कुठं? जिथं काठ सपाट, उताराचा आहे आणि पाणी संथ आहे तिथं. नांदेडला गोदावरी आहे, पण घाटावर लोक आंघोळ करतात, तिथं नको. विष्णुपुरी धरणाच्या दरवाजांजवळ तर अजिबात नको. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर तसेच माघारी फिरा. काही शेवाळ विषारी असतं, कुत्रं ते पाणी पितं, अंगही चाटतं.

सगळी कुत्री जन्मतः पट्टीची पोहणारी असतात, हाही गैरसमज. आपल्या लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध. ते धावायला वारा, पण अंगात चरबी कमी, त्यामुळं पाण्यात लवकर दमतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर श्वासाचीच अडचण. अशांना लाइफ जॅकेट घाला, पाठीवर हँडल असलेलं. गळ्याचा पट्टा काढा, छातीच्या पट्ट्याला लांब दोर बांधा. पहिल्या दिवशी पोटापर्यंतचंच पाणी, पाच मिनिटं, बस्स.

वेळ सकाळची. जाताना हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून बघा. सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्याचेही पंजे भाजणार. सोबत प्यायचं पाणी न्या. सारखा बॉल फेकत बसू नका, प्रत्येक वेळी पाणी पोटात जातं. ते फार झालं की कुत्रं उलट्या करतं, झोकांड्या खातं. असं दिसलं तर थेट डॉक्टर. घरी आल्यावर स्वच्छ पाण्यानं धुवा, कान कोरडे करा, गोचीड बघा. लेप्टोची लस घेतली का, तेही विचारून ठेवा.

आणि ऊन लागलंच तर? जोरात धापा, घट्ट लाळ, लाल हिरड्या, तोल जाणं. सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला अन् लगेच दवाखाना गाठा. लातूर जिल्ह्यात उदगीरला, आणि शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा.

कुत्रं बुडताना दिसलं तरी मागं उडी मारू नका. दोर, शिडी, बाज, जे सापडेल ते टाका अन् माणसं बोलवा.

आता शेरू कुठं पोहतो? गोठ्याजवळच्या हौदात! गुडघाभर पाणी, आत एक मोठा दगड, त्यावर पाय देऊन साहेब स्वतः बाहेर येतात. नंतर तेच पाणी झाडांना.

तुमच्या शेतात शेततळं असेल, तर आज एकच काम करा. गाठी मारलेला एक जाड दोर अन् एक शिडी काठावर पक्की बांधून आत सोडून ठेवा. कुत्र्यासाठीही, माणसासाठीही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!