मर्यादा कोणाच्या शरीराची?



मोबाइलच्या मनोऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन लोक आपल्याकडे येतात. त्यांची धास्ती खोटी म्हणू नये, वाढवूही नये. हे रेडिओतरंग अणुभट्टीतील किरणांच्या जातीचे नव्हेत. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीर तापणे. सुरक्षिततेच्या मर्यादा त्यावरूनच बेतल्या आहेत. भारताने २०१२ साली फोनसाठी किलोग्रॅममागे १.६ वॅट ही मर्यादा स्वीकारली, तिचा पायाही हाच.

परंतु या गणितात एक वर्गभेद दडलेला आहे. आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत सबंध शरीरासाठी किलोग्रॅममागे ४ वॅट ही धोक्याची पातळी धरली. नागरिकासाठी तिला ५० ने भागले, ०.०८ वॅट, कामगारासाठी केवळ १० ने, ०.४ वॅट. म्हणजे कामगाराला पाचपट मुभा!

कारण असे दिले जाते की, कामगार प्रौढ असतो, प्रशिक्षित असतो, धोका जाणून नियंत्रित परिस्थितीत काम करतो. तर्क ठीक आहे. पण तो कागदावरच्या कामगाराचा. रोजंदारीवर मनोऱ्यावर चढणाऱ्या कंत्राटी पोराला हे प्रशिक्षण कोणी दिले? अँटेना बंद केल्याखेरीज चढणार नाही, असे म्हणण्याची त्याची प्राज्ञा आहे काय? ज्या अटीवर सवलत घेतली, ती अटच पाळली नाही, तर उरते ते निव्वळ शोषण.

म्हणून यापुढे मनोऱ्याचा अर्ज लिहाल, तेव्हा खाली राहणाऱ्यांबरोबर वर चढणाऱ्याचेही प्रशिक्षण आणि त्याचा नकाराचा हक्क मागा.