ओढणं, गिळणं आणि श्वास

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



बाईचं आरोग्य म्हटलं की आपण रक्तपांढरी, बाळंतपण, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांवर बोलतो. आज मी अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पोटात दूध कसं जातं, एवढ्यावरच बोलणार आहे.

आधी माझी चूक सांगते. भूम तालुक्यातली एक ऊसतोडणीवाली बाई फडावरून बाळंत होऊन परतली होती. बाळ आठवा लागता लागताच झालेलं. सासू म्हणे, "हिला दूधच न्हाई." मी पिशवीतलं पोस्टर काढलं आणि अंगावरचंच पाज, बाकी काही देऊ नको, असं ठासून सांगून आले. आठ दिवसांनी गेले तर बाळ आणखी सुकलेलं. बाईच्या छातीत दुधाच्या गाठी झालेल्या. दूध होतं हो! बाळाला ओढता येत नव्हतं. ते मी विचारलंच नव्हतं.

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ बाळाला साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेलं बाळ ओढतं, पण मध्येच दमतं, श्वास घ्यायला विसरतं, दूध श्वासनलिकेत जातं. फार लहान असेल तर दवाखान्यात नळीनं दूध देतात. थोडं मोठं झालं की आईचंच दूध पिळून वाटी-चमच्यानं. आपल्या आज्यांचं बोंडलं आठवतं ना? त्याच घाटाचं भांडं नवजात कक्षात पलाडाई म्हणून वापरतात. फक्त आज्या बाळाला आडवं घेऊन ओतायच्या, ते नको. बाळ उभट धरायचं, कड ओठाला टेकवायची, ते जिभेनं घेईल तेवढंच. बाटली नको, मध-गुटीही नको.

त्या बाईला हे एका नर्सताईंनी दाखवलं, मी नाही. दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, रात्रीसुद्धा. नाही काढलं तर आटतं. आता सांगा, एवढा वेळ कोणत्या सुनेला मिळतो? फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस चुकला की मुकादम खाडा धरतो. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण उसाच्या फडात ती पोचलेली नाही. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. पण ती गावात आणि बाळ दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोपीत. मग खापर फुटतं ते "दूध नसलेल्या" बाईवर, नाहीतर पायगुणावर.

कोलंबियात बोगोटा इथं १९७८ मध्ये काचपेट्या पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीला बांधली. तीच कांगारू पद्धत. ऊब मिळते, दूध उतरतं, बाळ छाती शोधायला शिकतं. छाती आईचीच हवी असंही नाही. बापाची चालते, सासूची चालते. त्या घरात मी नवऱ्याला सदरा काढायला सांगितला तेव्हा सगळे हसले. तो लाजला, पण बसला. तेवढ्या वेळात बायको दूध काढून जरा झोपली.

घरी गेलात की "पाजतेस का?" एवढंच विचारून उठू नका. पाजताना समोर बसा. ओठ निळे पडतात का, ठसका लागतो का, नाकातून दूध येतं का, घशात घरघर होते का, अर्धा तास होऊनही पोट भरत नाही का, हे बघा. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर पाजणं थांबवून लगेच दवाखाना. वजन वाढत नसेल तरी थांबू नका. बाळ पुढं मोठं झाल्यावरही घट्ट खाताना अडकत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा; "लाडावलंय" म्हणून सोडू नका.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतील. त्याआधी आपापल्या गावातल्या सहा महिन्यांवरच्या गरोदर बायांची यादी करायची आहे. कोण कोणत्या कारखान्याला जाणार, मुकादम कोण, फोन कुणाकडे असतो, हे लिहून आणा. वाशी आणि परंड्याच्या बायांनी आज जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसावं. त्यांच्या याद्या आधी करू.